नावं इथं, माणसं मुंबईत : रत्नागिरीतल्या एका बीएलओचा अनुभव

7 मे 2024 ला रत्नागिरी-सिंधुदुर्ग लोकसभेचं मतदान झालं तेव्हा त्यातल्या रत्नागिरी विधानसभा क्षेत्राने विनायक राऊत यांना, म्हणजे ठाकरे शिवसेनेच्या मशालीला, आघाडी दिली. राऊत ती निवडणूक हरले. रत्नागिरी, चिपळूण आणि राजापूर मशालीच्या बाजूने राहिले, पण कणकवली, कुडाळ आणि सावंतवाडीने नारायण राणे यांना इतकं भरभरून मत दिलं की कमळ 47,858 मतांनी निवडून आलं. पुढे सहा महिन्यांनी, 20 नोव्हेंबरला, त्याच रत्नागिरीने शिंदे शिवसेनेच्या धनुष्यबाणावर उभ्या असलेल्या उदय सामंत यांना चाळीस हजारांच्या वर मताधिक्य देऊन सलग पाचव्यांदा विधानसभेत पाठवलं. समोर मशालच होती.

मतदार तेच, मतदान केंद्रं तीच. टीव्हीवर म्हणाले, वारं फिरलं. मी या दोन्ही निवडणुकांत शहराच्या जुन्या वस्तीतल्या एका यादी भागाची बीएलओ होते, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी. पेशाने प्राथमिक शिक्षिका. शाळा सांभाळून यादी सांभाळायची, असं हे काम. घरोघर जाऊन जे पाहिलं आणि ऐकलं, त्यावरून मला वाटतं की फार काही फिरलं नव्हतं. आणि दरवेळी मतदान कमी झालं की "रत्नागिरीकरांना मतदानाचं काही पडलेलं नाही" असं जे ऐकावं लागतं, तेही मला पटत नाही. का पटत नाही ते सांगते.

माझ्या भागात हजाराच्या वर नावं. कौलारू घरं, दोन-तीन जुने वाडे, भंडाऱ्यांची एक वाडी, तिला लागून मुसलमान मोहल्ल्याचं एक टोक, आणि जिथे पूर्वी माडांची बाग होती तिथे उभी राहिलेली एक नवी इमारत. खाली उतरलं की समुद्र. 2023 च्या पावसाळ्यानंतर यादीचं पुनरीक्षण सुरू झालं तेव्हा हातात छापील यादी आणि मोबाईलवर बीएलओ ॲप घेऊन मी घरं धरायला सुरुवात केली. शाळा सुटली की निघायचं, अंधार पडेपर्यंत फिरायचं. कामाचं स्वरूप साधं आहे. यादीतला माणूस त्या घरात राहतो का ते बघायचं. राहत असेल तर फोटो, वय, नावाचं शुद्धलेखन तपासायचं. कुणी अठरा पूर्ण केली असतील तर सहा नंबरचा फॉर्म, नाव वगळायचं तर सात नंबरचा, पत्ता बदललाय किंवा चूक दुरुस्त करायची आहे तर आठ नंबरचा.

पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं की यादी एक गाव सांगते आणि रस्ता दुसरंच गाव दाखवतो.

जुन्या वस्तीत एका घरावर यादीप्रमाणे सात मतदार. घरात राहतात दोन, आजी आणि तिची मोठी सून. दोन मुलगे डोंबिवलीला, एक नालासोपाऱ्याला, त्यांच्या बायका तिकडेच. शेजारच्या घरावर चार नावं आणि दाराला कुलूप. कुलपाची किल्ली समोरच्या वहिनींकडे. त्या सकाळी देवाला दिवा लावून जातात आणि पावसाआधी कौलं शाकारून घेतात. तिसऱ्या घरावर पाच नावं, त्यातलं एक वारलेल्या आजोबांचं, एक लग्न होऊन साताऱ्याला गेलेल्या मुलीचं.

नवीन इमारतीत नेमकं उलटं. बहुतेक फ्लॅटमध्ये माणसं, दारात चपला, आतून कुकरच्या शिट्ट्या. पण यादीत त्या पत्त्यावर जेमतेम मूठभर नावं. कुणी जयगडच्या कंपनीत नोकरीला, कुणी बँकेत बदलून आलेले, कुणी जिल्हा परिषदेत, एक जोडपं डॉक्टर. मी विचारायची, "तुमचं नाव कुठे आहे?" उत्तरं ठरलेली. कोल्हापूर, इस्लामपूर, जत, बार्शी. "इथं नाव घालू या का? आठ नंबरचा फॉर्म भरला की तिकडचं आपोआप कमी होईल." त्यावर, "बघू मॅडम, अजून बदली कुठे होते ते ठरू दे." एक गृहस्थ तेच उत्तर अकरा वर्षं इथे राहून देत होते. पाणी इथलं पितात, मुलं इथल्या शाळेत, रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दल तक्रारही इथली. आणि मत मात्र जिथे दिवाळीलासुद्धा जाणं होत नाही तिथे.

टक्केवारी निघते ती यादीतल्या नावांवर. म्हणजे जे राहतात त्यातले कितीतरी त्या हिशेबात नाहीत, आणि जे हिशेबात आहेत त्यातले कितीतरी इथे राहत नाहीत. माझ्या भागात जी माणसं खरोखर घरात सापडतात आणि ज्यांचं नाव यादीत आहे, तेवढीच धरली तर मतदान उत्तम होतं. हे मी छातीठोकपणे सांगते, कारण मतदानादिवशी सहायता केंद्रावर यादी घेऊन मीच बसते आणि कोण आलं, कोण नाही, हे मला चेहऱ्यांवरून कळतं.

रत्नागिरी जिल्ह्याचं हे जुनं दुखणं आहे. 2011 च्या जनगणनेत जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे 1,122 बायका होत्या, राज्यात सगळ्यात जास्त. मोठ्या शहरांत अशी बढाई कुणी मारील, पण इथे त्याचा अर्थ एकच, बाप्ये मुंबईला. गिरण्या होत्या तेव्हा गिरणीत, आता खासगी कंपन्यांत, सिक्युरिटीत, टॅक्सीवर. पैसे तिकडून येतात, निर्णय तिकडून होतात, आणि नाव इथे असतं.

मग ती नावं काढून का टाकत नाही, असं मला एका सुपरवायझर बैठकीनंतर एका नव्या सहकाऱ्याने विचारलं. त्याला सांगितलं, एकदा शिमग्याला माझ्याबरोबर चल.

शिमगा आणि गणपती हे बीएलओचे खरे दिवस. श्री देव भैरीची पालखी घरोघर येते तेव्हा वर्षभर बंद असलेली दारं उघडतात. मार्च 2024 मध्ये निवडणूक जाहीर झाली 16 तारखेला आणि होळी आली त्याच्या आठवडाभरानंतर. मी यादी घेऊन निघाले. ते कुलूपवालं घर उघडं होतं, अंगणात माणसं, पडवीत पातेली, मुलं एकमेकांना रंगवत होती. घरातले मोठे, साठीच्या पुढचे, अंबरनाथला स्थायिक. मी बसले, चहा झाला, मग विषय काढला. "काका, तुमचं अंबरनाथला नाव आहे का?" ते गप्प बसले. मग म्हणाले, "हाय. तिकडंबी हाय." मी त्यांना सांगितलं की दोन ठिकाणी नाव ठेवता येत नाही, कायद्याने तो गुन्हा धरला जातो, एक काहीतरी ठेवा. सात नंबरचा फॉर्म मी पुढे ठेवला. त्यांनी तो हातात घेतला, वाचला, आणि परत माझ्या हातात दिला.

"बाई, घर पडायला आलंय. जमिनीवर भावकीचा दावा हाय. रेशन कार्ड तिकडं गेलं. आता ह्या यादीत नाव हाय तेवढंच आमचं इथं उरलंय. तेबी काढू?"

त्यांच्या बायकोने आतून हाक मारली, पालखी वळणावर आली म्हणून. ते उठले, खांद्यावर टॉवेल टाकला आणि खांदा द्यायला गेले.

मला त्यांचं म्हणणं आतपर्यंत कळलं. माझा स्वतःचा धाकटा भाऊ ठाण्याला आहे आणि त्याचीही तीच तऱ्हा होती. तरीही मी म्हणेन की मत तिथेच असावं जिथे माणूस रोज नळाखाली बादली लावतो. शीळ धरणातलं पाणी मे महिन्यात शहराला पुरतं की नाही, त्याची काळजी अंबरनाथमध्ये बसून लागत नाही. आणि अंबरनाथच्या लोकलच्या गर्दीचं काय करायचं, हे ठरवायला त्यांचं मत तिथे हवं. मुळं यादीत नसतात, पालखीत असतात. ती कुणी कमी करत नाही. हे मी त्या काकांना पुढच्या गणपतीत सांगितलं. त्यांनी फॉर्म भरला. इथला नव्हे, अंबरनाथचा. नाव इथेच ठेवलं. निदान एका जागी राहिलं, एवढं मला पुरेसं वाटलं.

वारलेल्यांची नावं हा वेगळा विषय. लोकांना वाटतं बीएलओने पेन फिरवला की नाव गेलं. तसं नसतं. मृत्यूचा दाखला किंवा घरच्यांचा सात नंबरचा फॉर्म लागतो, तो वर जातो, मग कमी होतं. एकदा उमेदवारी अर्ज भरायची मुदत संपली की यादी गोठते, एकही नाव आत येत नाही की बाहेर जात नाही. ज्यांचे मुलगे बाहेरगावी आणि दाखला त्यांच्याकडे, ती नावं तशीच राहून जातात. मग मतदानाआधी आम्ही गैरहजर, स्थलांतरित आणि मृत अशी वेगळी यादी करून केंद्राध्यक्षांच्या हातात देतो, म्हणजे त्या नावावर कुणी आलं तर कसून ओळख तपासली जाते. ती यादी करताना प्रत्येक वेळी मला दोन-तीन ठिकाणी थांबायला होतं. ज्या आजोबांनी मला पहिल्यांदा यादीचे भाग समजावून सांगितले, त्यांच्या नावापुढे मलाच खूण करायची होती.

एप्रिलमध्ये ज्येष्ठांच्या घरच्या मतदानाची तयारी सुरू झाली. 85 च्या पुढचे आणि चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांग असलेले घरून मत देऊ शकतात, त्यासाठी 12 ड नमुना भरून द्यावा लागतो. माझ्या भागात असे मोजकेच. बऱ्याच जणांनी "मी केंद्रावरच येणार" म्हणून सांगितलं आणि खरोखर आले, काठी टेकत. एक आजी मात्र अंथरुणाला खिळलेल्या. त्यांच्याकडे पथक आलं तेव्हा घर दाखवायला मी बरोबर होते. दोन कर्मचारी, पोलीस, व्हिडिओ काढणारा मुलगा. आतल्या खोलीत पुठ्ठ्याचा आडोसा करून आजींच्या हातात मतपत्रिका दिली आणि बाकीचे बाहेर आलो. मी पडवीच्या कठड्याला टेकून उभी होते. आतून आजींचा आवाज आला, मोठ्याने, कारण त्यांना ऐकू कमी यायचं.

"अरे, बाण कुठं हाय ह्यात? बाण दिसत न्हाय तो."

कुणी काही बोललं नाही. बोलता येत नाही. पथकातले साहेब दारातून एवढंच म्हणाले, "आजी, जी चिन्हं आहेत त्यातलं तुम्हाला हवं ते निवडा. नको असेल तर शेवटी वरीलपैकी कोणीही नाही असंही आहे." बराच वेळ शांतता. मग पाकीट चिकटवल्याचा आवाज.

त्या एका प्रश्नात त्या निवडणुकीची अर्धी गोष्ट होती. 1996 ला अनंत गीते निवडून आले तेव्हापासून रत्नागिरीच्या लोकसभेच्या मतपत्रिकेवर धनुष्यबाण नाही असं एकदाही झालं नव्हतं. मतदारसंघ बदलला, रत्नागिरी-सिंधुदुर्ग झाला, 2009 ला सुरेश प्रभू हरले, 2014 आणि 2019 ला राऊत जिंकले, पण बाण होता. शिवसेना फुटली, बाण शिंद्यांकडे गेला, आणि 2024 ला ही जागा भाजपच्या वाट्याला गेली. उदय सामंतांचे भाऊ किरण सामंत यांचं नाव बरेच दिवस चर्चेत होतं, ते मागे पडलं. म्हणजे ज्यांचं बोट पंचवीस-तीस वर्षं एकाच चित्रावर जात होतं, त्यांना ते चित्रच दिसलं नाही. एका बाजूला कमळ आणि राणे, ज्यांच्याशी, ते शिवसेनेतून बाहेर पडले त्या 2005 पासून, इथल्या शिवसैनिकांचं हाडवैर. दुसऱ्या बाजूला नवी मशाल, पण माणूस जुना, ओळखीचा. आमच्याकडच्या जुन्या सैनिकाने काय केलं असेल हे ओळखायला ज्योतिषी लागत नाही.

चिठ्ठ्या वाटताना लोक बोलतात. बीएलओने ऐकायचं असतं, हो-नाही करायचं नसतं. मी ते कसोशीने पाळते. एकदा आपण मान डोलावली की गेलं, दुसऱ्या दिवशी वाडीभर होतं की बाई अमक्याच्या आहेत. पण कान उघडे असतात. लोकसभेच्या वेळी ओट्यांवर बोलणं होतं ते फुटीचं, गद्दारीचं, संविधानाचं, बारसूच्या रिफायनरीचं, आणि मुंबई-गोवा रस्त्याचं, जो आमच्या मुलांच्या जन्मापासून पुरा होतोय. मोहल्ल्यात बोलणं त्याहून कमी, पण निश्चय जास्त. तिथल्या एक भाभी चिठ्ठी घेताना म्हणाल्या, "इस बार दुबईवालेबी आनेवाले हैं." आले की नाही ते मला माहीत नाही, पण 7 तारखेला सकाळी सातच्या आधी रांगेत सगळ्यात पुढे त्याच होत्या, बुरख्यावरून पदरासारखा ओला रुमाल डोक्यावर घेऊन.

त्या दिवशी ऊन मरणाचं होतं. साडेपाचला केंद्राध्यक्षांनी पोलिंग एजंटांसमोर अभिरूप मतदान, म्हणजे यंत्राची चाचणी, घेतली, सातला सुरुवात झाली. नऊपर्यंत रांग, अकरापर्यंत रांग, आणि मग एकदम शुकशुकाट. आंब्याचा हंगाम ऐन भरात, बागेत गेलेले लोक पेट्या भरून संध्याकाळशिवाय येत नाहीत. मिरकरवाड्यातून पहाटे बाहेर पडलेल्या होड्या दुपारी परततात, मासळी उतरवून, लिलाव आटोपून मग तांडेल मतदानाला. दर दोन तासांनी आकडा वर कळवायचा असतो. एकचा आणि तीनचा आकडा कळवताना फोनवरचा माणूस म्हणतो, "अहो, काहीतरी करा, वाढवा." काय करणार? समुद्र निवडणूक आयोगाच्या वेळापत्रकाने चालत नाही. चारनंतर पुन्हा माणसं यायला लागली, हाताला आंब्याचा चीक, पायाला खारं पाणी, आणि सहाला दार बंद करताना आत रांगेत असलेल्यांना चिठ्ठ्या वाटून त्यांचं मतदान घेतलं.

मुंबईकरही आले होते त्या दिवशी. शाळांना सुट्टी, मे महिना, गावी यायचेच दिवस. पक्षांनी गाड्यांची सोय केली होती असं जो तो सांगत होता. मुंबई-ठाण्याचं मतदान होतं 20 मेला, तेरा दिवसांनी. हे अंतर ज्यांच्या लक्षात यायचं त्यांच्या आलं असणार. माझ्या मनात त्या दिवशी शिमग्यातली सगळी घरं येऊन गेली. नोव्हेंबरात मात्र राज्यभर एकाच दिवशी मतदान होतं. तेव्हा ती वाट बंद झाली आणि दोन नावं असलेल्याला एक गाव निवडावंच लागलं. दिवाळीला आलेले चाकरमानी परत गेलेले. माझ्या केंद्रावर मुंबईकर तुरळक दिसले. तरीही मतदान मेपेक्षा कमी झालं नाही, थोडं वाढलंच. राज्यातही लोकसभेला 61 टक्क्यांच्या आसपास झालेलं मतदान विधानसभेला 66 टक्क्यांवर गेलं.

कोण वाढलं? बायका. हे मी आकड्यांशिवायही सांगू शकते. जुलैपासून लाडक्या बहिणीचे फॉर्म भरायला आमच्याच शाळेत गर्दी. आधार, बँक, रेशन कार्ड, आणि त्या निमित्ताने कितीतरी जणींना पहिल्यांदा कळलं की आपलं नाव सासरच्या यादीत नाहीच. ऑगस्टअखेर अंतिम यादी लागायची होती, तेवढ्यात मी त्यांचे सहा आणि आठ नंबरचे फॉर्म भरून घेतले. 20 नोव्हेंबरला त्या गटागटाने आल्या. दुपारची जेवणं उरकून, मुलांना शेजारी ठेवून, एकमेकींना हाका मारत. पंधराशे रुपयांवर मत विकलं असं जे म्हणतात, त्यांच्याशी मी भांडते. ज्या बाईच्या हातात आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या खात्यात पैसे आले, तिने ज्याने दिले त्याला मत दिलं तर तो तिचा हिशेब आहे, आणि तो पुरुषांच्या जातीच्या, भावकीच्या, ठेक्याच्या हिशेबापेक्षा कमी प्रतीचा नाही. शिवाय सगळ्यांनीच तसं केलं असंही नाही. एक जण मला म्हणाली, "पैसे सरकारचं, मत माझं."

निकालानंतर मतदान केंद्रनिहाय आकडे जाहीर होतात. दोन्ही निवडणुकांचे मी काढले आणि शेजारी ठेवून पाहिले. माझ्या भागातल्या केंद्रावर मे महिन्यात मशाल पुढे होती, नोव्हेंबरात बाण. मग आठवलं, ओट्यांवर काय बोलत होते. नोव्हेंबरात गद्दारी आणि संविधान हे शब्द क्वचित ऐकू आले. बोलणं होतं ते असं: आईला मुंबईच्या दवाखान्यात बेड कुणी मिळवून दिला. पोराचं ॲडमिशन अडलं तेव्हा फोन कुणी केला. बारशाला, बाराव्याला कोण येऊन गेलं. "साहेब कुठल्याबी पक्षात जाऊ देत, फोन उचलतात," हे वाक्य मी भंडारवाडीत ऐकलं आणि मोहल्ल्यातही ऐकलं.

इथला इतिहासही तेच सांगतो. 1999 ला बाळ माने कमळावर आमदार झाले. 2004 ला घड्याळावर उदय सामंतांनी त्यांना हरवलं, 2009 ला पुन्हा तीच दोन चिन्हं. 2014 ला सामंत बाणावर, माने कमळावर. 2024 ला सामंत बाणावर पण वेगळ्या शिवसेनेत, आणि माने ऐन निवडणुकीच्या तोंडावर मशालीवर. वीस वर्षं तीच दोन माणसं समोरासमोर, मधली एक निवडणूक सोडून, आणि त्यांच्या हातातली चित्रं बदलत राहिली. अशा मतदारसंघाला "शिवसेनेचा बालेकिल्ला" किंवा "भाजपचा" म्हणून शिक्का मारणाऱ्यांनी दहा घरांत चहा घेऊन यावं.

विचार नाहीच असं मात्र मी म्हणणार नाही. हे सावरकरांच्या स्थानबद्धतेचं आणि पतितपावन मंदिराचं गाव. 1977 ला आणीबाणीनंतर बापूसाहेब परुळेकरांना जनता पक्षाकडून लोकसभेत पाठवणारं आणि 1980 च्या इंदिरा लाटेतही त्यांनाच परत निवडणारं गाव. 1984 ला त्याच मतदारसंघाने काँग्रेसचे हुसेन दलवाई निवडून दिले. जुन्या वाड्यांतून आजही एक पिढी आहे जी उमेदवार कोण हे न बघता कमळ शोधते, आणि त्यांच्या पलीकडच्याच वाड्यात समाजवाद्यांच्या आठवणी सांगणारे एक निवृत्त मास्तर आहेत ज्यांनी कमळाला कधी हात लावला नाही. लोकसभेला माणसं विचाराने, रागाने, देशाच्या गोष्टीने मत देतात. विधानसभेला घरच्या गोष्टीने. एकाच बाईला मी मे महिन्यात मशालीच्या मिरवणुकीत पाहिलं आणि नोव्हेंबरात बाणाच्या. ती बदलली नव्हती. दोन वेगळे प्रश्न होते, तिने दोन वेगळी उत्तरं दिली.

2 डिसेंबर 2025 ला नगरपरिषदेची निवडणूक झाली. नगरसेवकांची याआधीची निवडणूक 2016 ची, मधली चार वर्षं प्रशासक. म्हणजे ज्या मुलाने 2016 ला दहावी दिली, तो आपला नगरसेवक निवडायला पहिल्यांदाच चालला होता. विधानसभेची यादी प्रभागांत फोडली गेली. त्यात एका गल्लीतली घरं दोन प्रभागांत गेली, आणि नवरा एका शाळेत, बायको दुसऱ्या शाळेत, असं बऱ्याच ठिकाणी झालं. लोक माझ्यावर ओरडले, मी ऐकून घेतलं. ज्याला केंद्र सापडत नव्हतं त्याला मोबाईलवर शोधून देत राहिले.

त्या वेळी नव्या इमारतीतून अकरा वर्षं राहणारे ते गृहस्थ खाली आले. महिनाभर त्यांच्या मजल्यावर पाणी चढत नव्हतं आणि नगरपरिषदेत कुणी दाद देत नव्हतं. "मॅडम, या वेळी मला मत द्यायचंच आहे. माझं नाव कुठे सापडेल?" त्यांना सांगावं लागलं की नाव बार्शीला आहे, या निवडणुकीची यादी 1 जुलैलाच ठरली, आता काही होणार नाही. ते चिडले. मग तिथेच, सहायता केंद्राच्या टेबलावर, त्यांनी माझ्याकडून आठ नंबरचा फॉर्म मागून घेतला. बायकोचा आणि नुकत्याच अठरा झालेल्या मुलीसाठी सहा नंबरचाही. मुलीचा जन्मदाखला घरी होता, तो आणायला ते स्वतः वर गेले.

त्यानंतर त्या इमारतीच्या सोसायटीने मला एका रविवारी बैठकीला बोलावलं. मी फॉर्मचा गठ्ठा आणि शाईचा पॅड घेऊन गेले. अर्ध्याहून जास्त फ्लॅटचे फॉर्म त्या दिवशी भरून झाले. बाकीच्यांकडे संध्याकाळी जाते आहे.